ग्रॅमच्या भावाने गेरू

आमच्या घरात ग्रॅमच्या हिशेबाने आजवर दोनच वस्तू आल्या, सोने आणि केशर. त्यांतल्या केशराची पुडी उघडण्यापूर्वी पंखा बंद करण्याची शिस्त सासूबाईंच्या काळापासून चालत आलेली आहे. गेल्या हिवाळ्यात या यादीत तिसरी वस्तू शिरली. भाचीच्या लग्नाला तीन आठवडे उरले असताना तिने माझ्या चेहऱ्याकडे, भिंतीला आलेली ओल पाहावी तशा नजरेने पाहिले आणि म्हणाली, "मावशी, लग्नात क्रीमवर पावडर थापून येऊ नकोस हं. मिनरल फाउंडेशन घे, चेहऱ्याला लावायची खनिजांची भुकटी. त्यात केमिकल्स नसतात."

पाणीसुद्धा केमिकलच असते, हे वाक्य माझ्या अगदी ओठांवर आले होते. परंतु लग्नघरात रसायनशास्त्र काढू नये एवढे व्यवहारज्ञान मला आहे. शिवाय बँकेच्या कर्ज विभागात मी २७ वर्षे काढलेली असल्यामुळे, कागद वाचल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही आणि वाचल्यावर तर मुळीच ठेवायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली आहे. त्यामुळे मी सरळ मॉलमधल्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात जाऊन तीन डब्या समोर मांडून घेतल्या. पहिली ८ ग्रॅमची, २४०० रुपये. दुसरी ६ ग्रॅमची, १५०० रुपये. तिसरी १० ग्रॅमची, ९५० रुपये. म्हणजे दर ग्रॅमला अनुक्रमे ३००, २५० आणि ९५. आकाराने मात्र तिन्ही डब्या श्रीखंडाच्या वाटीएवढ्या होत्या, आणि आतली पावडर चाळणीखाली कुठेतरी तळाशी, उन्हाळ्यातल्या विहिरीच्या पाण्यासारखी, बसलेली होती.

घटकद्रव्यांची यादी मुंगीच्या अक्षरांत असल्यामुळे मी तिचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो बोटांनी मोठा करून वाचू लागले, तेव्हा विक्रेत्या मुलीने "मॅम, शेड बघायची का?" असे तिसऱ्यांदा विचारले. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची असते. एक टक्क्यापर्यंतचे घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात, त्यामुळे वेष्टनावर पानाफुलांसह मिरवणारा वनस्पतींचा अर्क तिथे नेमका कुठल्या कोपऱ्यात उभा आहे ते कळत नाही. रंगद्रव्यांना तर खातेक्रमांकच दिलेले होते. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, ७७९४७ म्हणजे झिंक ऑक्साइड, आणि ७७४९१, ७७४९२ व ७७४९९ हे लोहाचे लाल, पिवळे व काळे ऑक्साइड. त्यांच्या आधी 'असू शकते' अशा अर्थाची अधिक-उण्याची खूण होती, कारण सगळ्या छटांसाठी एकच यादी छापलेली असते. "जामीनदार असू शकतो" असे लिहिलेला अर्ज मी उभ्या नोकरीत एकदाही मंजूर केला नसता.

घरी येऊन मी ही यादी यांना वाचून दाखवली. यांनी वर्तमानपत्र खाली न ठेवता तिचा मराठी अनुवाद केला. लोहाचा लाल ऑक्साइड म्हणजे आपण कुंड्यांना लावतो तो गेरू. झिंक ऑक्साइड घामोळ्यांवर लावायच्या कॅलामाइन लोशनमध्ये असते, आणि त्या लोशनचा गुलाबी रंगही पुन्हा लोहाचाच. मायका म्हणजे अभ्रक. ते माळ्यावरच्या जुन्या इस्त्रीत आहे. टायटॅनियम डायऑक्साइड भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते आणि ते ज्या इल्मेनाइटपासून करतात त्याची काळी वाळू आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पडलेली आहे. "एकूण पाच-पन्नास रुपयांचा माल आहे. खल काढू का?" असे यांनी विचारले.

खल काढू दिला नाही. सौंदर्यप्रसाधनांतले लोहाचे ऑक्साइड कारखान्यात मुद्दाम तयार करतात, कारण मातीतून आलेल्या गेरूत शिसे आणि आर्सेनिकही पाहुण्यासारखे येऊन राहिलेले असू शकतात. म्हणजे जी वस्तू 'थेट निसर्गातून' म्हणून विकली जाते, ती निसर्गातून थेट आलेली नाही हेच तिच्याबद्दल दिलासा देणारे आहे. हे मी यांना जरा चढ्या आवाजात सांगितले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकान. ९५ रुपयेवाली डबी पहिल्याच ओळीत बाद झाली, कारण तिच्या यादीत अग्रस्थानी टाल्क होते. टाल्क म्हणजे शंखजिरे. तेही खनिजच, त्यामुळे कायद्याने काही बोलता येत नाही. पण आंघोळीनंतर जे मी ४० वर्षे काखेत लावत आले, त्याच्यासाठी ९५० रुपये मोजण्याची माझी तयारी नव्हती. पहिल्या डबीत बिस्मथ ऑक्सिक्लोराइड होते. त्याने चेहऱ्याला मोत्याची झळाळी येते आणि काहींना खाज सुटते. मुलीने ते माझ्या जबड्यावर लावले, मी खरा रंग पाहायला उन्हात म्हणून मॉलच्या दाराबाहेर गेले, आणि तिथे सुरक्षारक्षकासमोर मला झळाळी व खाज दोन्ही एकदम आली.

उरली दुसरी. तिच्यात कृत्रिम अभ्रक होते. झारखंडात कोडरमा-गिरिडीहच्या बाजूला अभ्रक वेचण्याच्या कामाला लहान मुले जुंपली जातात हे वाचलेले असल्यामुळे, या एका कारणासाठी दोन पैसे जास्त द्यायला माझ्यातली कर्ज अधिकारीही कुरकुरली नाही. झाकणावर एसपीएफ १५, म्हणजे उन्हापासून बचावाचा आकडा, होता. पण हा आकडा काढताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम माल लावतात, आणि माझा चेहरा ६०० चौरस सेंटीमीटर धरला (यांच्या मते हा अंदाज कमी आहे), तर एका वेळेला १.२ ग्रॅम लागेल व डबी पाचव्या दिवशी संपेल. तेव्हा उन्हासाठी छत्रीच वापरायची असे ठरवून मी ती घेतली. भावात ग्रॅममागे ५० रुपये वाचवल्याचे समाधान मला लग्नाच्या दिवसापर्यंत पुरले.

लग्नात आरशाने, नणंदेने आणि खुद्द भाचीनेही मला पसंत केले. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने मात्र केले नाही. टायटॅनियम, झिंक आणि यादीत मधोमध बसलेले सिलिका, ज्याच्याकडे मी खाजेच्या नादात दुर्लक्ष केले होते, ही सगळी मंडळी फ्लॅशचा उजेड जसाच्या तसा परत पाठवतात. फोटो आले तेव्हा अठरा नातेवाइकांच्या गव्हाळ रांगेत एक चेहरा, रंगकाम व्हायचे राहिलेल्या शाडूच्या गणपतीसारखा, पांढराफटक उभा होता. मान मात्र माझीच होती.

फोटोग्राफरने तो चेहरा मानेच्या रंगावर आणून देण्याचे ३०० रुपये वेगळे घेतले. यांनी ते पैसे दिले, पावती खिशात घातली आणि घरी येताना रिक्षात शांतपणे विचारले, "१५०० अधिक ३००, भागिले ६, किती?"