मेरी मोफॅट यांचे घर

दक्षिण आफ्रिकेतील कुरुमान येथे आयुष्य वेचलेल्या रॉबर्ट आणि मेरी मोफॅट या मिशनरी दांपत्यावरील लेख आवडला. तथापि रॉबर्ट यांचा छापखाना आणि १८५७ साली पूर्ण झालेले सेत्स्वाना या तिथल्या स्थानिक भाषेतील बायबल यांना जेवढी जागा मिळाली, तिच्या चतुर्थांशही मेरी यांच्या वाट्याला आलेली नाही, याचे मनापासून वाईट वाटते. आठवड्यातून किमान एकदा आम्ही घरातील जमिनी शेणाने सारवतो, त्याने धूळ बसते आणि पिसवाही मरतात, असे त्यांनी मायदेशी पत्रातून कळवले होते. आपल्याकडे जुन्या घरांत वावरलेल्यांना हे वेगळे सांगायला नको, पण इंग्लंडमध्ये वाढलेल्या स्त्रीने ही रीत अंगवळणी पाडून घेणे सोपे नव्हते. त्यांची थोरली मुलगी, आफ्रिकेचे प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांची पत्नी, १८६२ साली झांबेझी नदीकाठी वारली. तरीही हे दोघे कुरुमानलाच राहिले आणि १८७० साली, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी मेरी यांचे निधन झाले. त्यांच्या पत्रांतून दिसणाऱ्या रोजच्या संसारावर लेखकाने स्वतंत्र लेख अवश्य लिहावा, ही आग्रहाची विनंती.