सगळं पॉम्पेईमुळेच झालं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे म्हणून उत्तरही जरा लांबलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की अठराव्या शतकात युरोपात ग्रीक-रोमन खांबांची जी लाट आली ती ज्वालामुखीखाली गाडली गेलेली पॉम्पेईसारखी जुनी रोमन शहरं खणून निघाल्यामुळे आलेली फॅशन होती, पैसा राजेलोकांचा होता, आणि मी त्याचं श्रेय उगाच त्या काळच्या बुद्धिवादी विचारवंतांना देतोय.

उत्खननाचं मला मान्यच आहे. हर्क्युलेनियम या तशाच गाडल्या गेलेल्या शहराचं खोदकाम १७३८ ला सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ ला. पण तिथून मिळाले ते नमुने, ते कसे वापरायचे ते नाही. लोजिए नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने १७५३ मध्ये लिहिलं की खांबाने खरोखर भार पेलला पाहिजे, भिंतीला चिकटवलेला शोभेचा खांब म्हणजे खोटेपणा. इमारतीतल्या प्रत्येक गोष्टीला "तू इथे कशाला?" असं विचारायचं, हे कुठल्या मातीखालून निघालेलं नाही, हा सरळसरळ त्या काळचा बुद्धिवाद आहे.

आता पॅरिसचं सेंत जनव्हिएव्हचं चर्च बघा. पैसा राजाचा, अगदी बरोबर, पंधराव्या लुईने १७४४ च्या आजारपणात नवस बोललेला. पण आर्किटेक्ट सुफ्लोने ते उभं करताना आत भिंतीसारखे अवजड खांब न घेता सुटे, सडसडीत खांब घेतले, आणि १७७० मध्ये पात नावाच्या आर्किटेक्टने जाहीर आक्षेप घेतला की घुमटाखालचे खांब बारीक आहेत, एवढं वजन पेलणार नाहीत. यावर काय झालं तर गोते नावाच्या इंजिनिअरने दगड चिरडायचं मशीन बनवलं, नमुन्याचे तुकडे त्यात घालून वजन वाढवत न्यायचं आणि कितीला फुटतो ते लिहून ठेवायचं! घुमट टिकेल की नाही हा वाद परंपरेवर न सोडता मोजून बघायचा, मला तर हे त्या खांबांच्या देखणेपणापेक्षा मोठं वाटतं. (पुढे तडे गेलेच आणि रोंदले या आर्किटेक्टला ते खांब जाड करावे लागले, पण मोजायची सवय राहिली.) १७९१ मध्ये क्रांतिकारकांनी त्याच चर्चचं पँथिऑन, म्हणजे देशातल्या थोर माणसांचं समाधिस्थान केलं, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये व्होल्तेर या बुद्धिवादी लेखकाचे अवशेष तिथे आणले.

आणि चित्रकलेत तर तुमचा मुद्दा अजिबातच टिकत नाही. इंग्लंडमधल्या डर्बीचा जोसेफ राइट, त्याचं १७६८ चं हवेच्या पंपाचं चित्र, सध्या लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. यात ना खांब ना रोमन देव. रात्रीची वेळ, टेबलाभोवती घरची माणसं, काचेच्या गोळ्यात पांढरा काकाकुवा, हवा काढल्यामुळे पार गळपटलेला, आणि प्रयोग करणाऱ्याचा हात वरच्या झडपेवर. तो बघतोय थेट आपल्याकडे, म्हणजे हवा परत सोडायची की नाही हे जणू आपल्यालाच विचारतोय. एका मुलीने डोळे झाकलेत, एक गृहस्थ घड्याळ हातात धरून बसलाय, आणि शेजारचं तरुण जोडपं एकमेकांतच दंग. अंधारात एकाच ज्योतीचा उजेड चेहऱ्यांवर पाडायची ही पद्धत आधी मुख्यतः येशूजन्मासारख्या धार्मिक चित्रांत असायची, राइटने ती प्रयोगाला दिली, आणि तीही जवळजवळ सहा बाय आठ फुटांच्या कॅनव्हासवर, जो आकार तेव्हा देवादिकांच्या आणि राजांच्या प्रसंगांसाठी राखलेला असायचा.

उत्खनन आणि राजाचा पैसा या दोन कारणांत हे चित्र कुठे बसतं ते तुम्हीच सांगा, मला खरंच ऐकायचंय.