गुहागरच्या गणपती ट्रिपवरच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू वाचला, गाडीवर असलेल्या ड्रायव्हर काकांशी बोलले आणि मगच लिहायला बसले. तुमच्या तक्रारी अशा: गणपतीला गुहागरला जायला रात्री 11 ची इनोव्हा मागितली, तर आम्ही पहाटे 4 ची दिली. काका टायरची हवा बघत होते तेवढ्यात तुम्ही घरच्यांनी सामान भरलं, ते त्यांनी सगळं खाली उतरवून पुन्हा लावलं आणि निघायला पाच वाजवले. गॅस सिलिंडर घेतला नाही. आईंना मूर्ती मांडीवर घेऊन पुढे बसू दिलं नाही, तुम्हा दोघांना लेकीसकट मागच्या सीटवर बसवलं. "असल्या आगाऊ माणसाला काढून टाका," हेही तुम्ही लिहिलंय.

आधी वेळेचं. रात्री 11 ला पुणं सोडलं की उंब्रज, पाटण करत कोयनानगरला पोचेपर्यंत अडीच-तीन वाजतात आणि पुढे कुंभार्ली घाट. कोयनानगरला वर्षाला सरासरी 5,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भाद्रपदात त्या घाटात रात्री धुकं उतरलं की बॉनेटच्या पुढचं दिसत नाही, दरडीचे दगड रस्त्यावर आलेले असले तर ते अंगावर आल्यावरच कळतात. शिवाय काका त्या दिवशी संध्याकाळी मुंबई विमानतळाची ड्यूटी करून आले होते. 1961 सालच्या मोटार परिवहन कामगार कायद्यात चालकाच्या कामाला सर्वसाधारणपणे दिवसाचे 8 तास धरले होते. आमच्या धंद्यात ती मर्यादा कोण पाळतं, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आम्ही पाळतो. आठ वाजता जेवून झोपलेला माणूस पहाटे तुमच्या दारात आला, म्हणून घाट उजेडात आणि जाग्या डोळ्यांनी उतरला. बुकिंगच्या वेळी फोनवर हे सांगितलं होतं आणि मेसेजमध्ये पहाटे 4 असंच लिहिलं होतं.

आता सामान. तुम्ही डिकीत खाली कपड्यांच्या बॅगा ठेवल्या होत्या आणि वर तांदळाचं 25 किलोचं पोतं, नारळ, पितळी समया. मागच्या सीटच्या पाठीपेक्षा ते सगळं वर गेलं होतं आणि बरोबर त्याच्या पुढे तुमची चार वर्षांची लेक बसणार होती. हायवेला करकचून ब्रेक लागला की गाडी थांबते, पोतं थांबत नाही. काकांनी तांदूळ आणि नारळ तळाशी, सीटच्या पाठीला घट्ट टेकवून लावले. समया सतरंजीत गुंडाळून फटीत बसवल्या, त्यावर मऊ बॅगा, आणि मागची काच मोकळी ठेवली. कॅरिअरवर फक्त दोन हलक्या बॅगा आणि घडीचं मखर, वरून ताडपत्री. शिरवळला चहाला थांबल्यावर त्यांनी दोर पुन्हा आवळला, तो तुम्ही बघितलाच असेल. ताडपत्री टाकली की पहिल्या तासाभरात दोर सैल पडतोच.

सिलिंडरबद्दल मी अजिबात मागे हटणार नाही. 14.2 किलोचा भरलेला घरगुती सिलिंडर टाकीसकट 30 किलोच्या घरात जातो. तो तुम्ही आडवा ठेवू म्हणालात. तो कायम उभाच ठेवायचा असतो. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर वर निघून जात नाही, पायाशी साचतो. काचा बंद, एसी चालू आणि आत पाच जण. गावच्या घरी गॅस संपलेला असतो, सणाला पंचवीस माणसांचा स्वयंपाक असतो, ही अडचण मला कळते, माझंही माहेर कोकणातलं. त्याला इंडेनचा 5 किलोचा 'छोटू' आहे, पत्त्याच्या पुराव्याशिवाय मिळतो. पुढच्या वर्षी आधी तिकडच्या एजन्सीत फोन करून ठेवा.

आणि मूर्ती. तुमच्या रिव्ह्यूत मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, कारण वाचणाऱ्याला वाटेल की आम्ही बाप्पाचा मान राखला नाही. पुढच्या सीटसमोर एअरबॅग असते, ती डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडते. मांडीवर शाडूची मूर्ती असताना ती उघडली तर मूर्तीचं आणि आईंचं काय होईल, याचा विचार करा. मूर्ती मांडीवर असली की बेल्टही धड बसत नाही. काकांनी मधल्या सीटवर गोधडीची घडी, त्यावर पाट, त्यावर मूर्ती ठेवली. दोन्ही बाजूंनी उशा लावून बेल्ट पाटाला आणि उशांना धरून घेतला, मूर्तीच्या अंगाला लागू दिला नाही. शाडूची मूर्ती हादऱ्याने आधी मनगटापाशी तडकते, म्हणून हातांखाली मऊ पंचा सरकवला. शेजारच्या सीटवर आई बसल्या, बेल्ट लावून, पाटावर हात ठेवून. बाप्पा गुहागरच्या घरात अखंड पोचले, हे तुम्हीच काकांना निघताना सांगितलंत.

घाटात मागची सीट अवघडते, त्यात वाद नाही. जास्त आरामात जायचं असेल तर सामानाला वेगळी छोटी गाडी देता येते, खर्च वाढतो.

सामान लावण्यात गेलेल्या तासाचं वेटिंग बिलात नाही, बिल तुमच्याकडे आहे, बघून घ्या. काकांना काढणार नाही. पुढच्या वेळी ते नको असतील तर बुकिंग करताना सांगा, दुसरे ड्रायव्हर येतील. तेही आधी डिकी उघडून बघतील आणि गरज पडली तर सामान खाली उतरवतील, हे आत्ताच सांगून ठेवते.