पायलटला पहिल्या महिन्यापासून आठ लाख? जरा हिशेब मांडू या

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला पाच ठिकाणांहून आला. आमच्या सुदामानगरच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आला, नात्यातल्या ग्रुपवर आला, जुन्या सहकाऱ्यांनीही पाठवला. मजकूर थोडक्यात असा: "इंजिनिअरिंगच्या मागे कशाला लागता? बारावीनंतर १८ महिन्यांत पायलट व्हा. खर्च फक्त ४० लाख. देशाला ३० हजार पायलट हवेत, म्हणजे नोकरी पक्की. पहिल्या महिन्यापासून ८ लाख पगार, वर्षात कर्ज फिटलं. आठवड्यातले चारच दिवस काम, घरच्यांना विमानप्रवास फुकट."

एरवी असले मेसेज मी पुसून टाकते. पण परवा शेजारचे काका घराच्या कागदांची फाइल साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून आले. मी इंदूरमध्येच बँकेच्या कर्ज विभागात नोकरी केली आणि माझा भाचा आज फर्स्ट ऑफिसर म्हणजे सहवैमानिक आहे, म्हणून विचारायला आले. मुलगी बारावीत, गणित चांगलं. काका म्हणाले, "ताई, आठ लाख पगार असेल तर घर गहाण ठेवायला काय हरकत आहे? वर्षात सुटेल की." फाइलमध्ये त्यांच्या वडिलांच्या सहीचं खरेदीखत होतं, घड्यांवर फाटायला आलेलं. ते बघून मला रात्री झोप लागली नाही.

सुरुवात पगारापासूनच करते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

आठ लाखांचा आकडा खोटा असता तर लोक इतके फसले नसते. तो खरा आहे, फक्त दुसऱ्याच माणसाचा आहे. एअर इंडियाने एप्रिल २०२३ मध्ये वैमानिकांचे नवे पगार जाहीर केले, ते पेपरात सगळीकडे छापून आले होते. त्यात दरमहा ठरलेली रक्कम अशी होती: शिकाऊ वैमानिकाला ५० हजार, लाइन रिलीज झालेल्या (म्हणजे प्रवासी उड्डाणांवरचं प्रशिक्षण संपलेल्या) फर्स्ट ऑफिसरला २ लाख ३५ हजार, कॅप्टनला ४ लाख ७५ हजार, कमांडरला (विमानाची जबाबदारी ज्याच्यावर असते त्या मुख्य वैमानिकाला) साडेसात लाख आणि सीनियर कमांडरला साडेआठ लाख. कंपनीगणिक आणि वर्षागणिक आकडे हलतात, पण पायऱ्यांची उतरंड सगळीकडे हीच. मेसेज लिहिणाऱ्याने सगळ्यात वरच्या पायरीचा पगार उचलला आणि सगळ्यात खालच्या पायरीवरच्या पोराच्या नावावर टाकला.

या दोन टोकांमध्ये किती वर्षं जातात? कमांडरच्या खुर्चीत बसायला एटीपीएल हे वरचं लायसन्स लागतं आणि त्यासाठी किमान १,५०० तासांचं उड्डाण. कंपन्या सहसा त्याहूनही जास्त अनुभव मागतात. नवं पोर २०० तासांवर बाहेर पडतं. नियमाने वैमानिकाला वर्षाला १,००० तासांहून जास्त उडता येत नाही आणि प्रत्यक्षात तेवढंही होत नाही. शिवाय कमांडरची जागा रिकामी व्हायला हवी. सगळं सुरळीत झालं तरी पाच-सात वर्षं धरून चाला.

पगारातही दोन भाग असतात, ठरलेली रक्कम आणि तासांवर मिळणारा उड्डाण भत्ता. तास मोजले जातात ते विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी थांबेपर्यंत. धुक्यामुळे विमानतळावर चार तास ताटकळलात, तर ते चार तास साधारणपणे त्या भत्त्यात धरत नाहीत. म्हणून हमीचे तास, म्हणजे कमी उडालात तरी ज्यांचा भत्ता मिळतोच ते तास, किती, हा प्रश्न पगाराइतकाच मोठा आहे. एअर इंडियाने त्याच वेळी हमीचे तास २० वरून ४० केले होते आणि ती बातमी झाली होती, यावरून समजा. स्पाइसजेटने २०२३ च्या मे महिन्यात कॅप्टनना साडेसात लाख जाहीर केले, तेही महिन्याला ७५ तास उड्डाणासाठी. मेसेजमध्ये साडेसात लाख उरतात, ७५ तास गळून पडतात.

आता कर्ज. हा माझा विषय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

"खर्च फक्त ४० लाख" हा आकडा कोणी दिला ते माहीत नाही, पण त्यात एअरबस किंवा बोइंग चालवण्याचं टाइप रेटिंग नक्कीच धरलेलं नाही. सीपीएल म्हणजे व्यावसायिक लायसन्स, ते हातात आलं तरी प्रवासी जेट चालवायला टाइप रेटिंग वेगळं करावं लागतं आणि त्याचेच पंधरा-वीस लाख होतात. त्यात राहणं-खाणं, परीक्षांची फी, मेडिकल आणि वाढीव तास धरले तर मी कुठल्याही घराला ८० लाख डोळ्यांसमोर ठेवायला सांगेन. कंपन्यांच्या कॅडेट योजना तर कोटीच्या घरात जातात.

शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांच्या वर गेलं की बँक सहसा तारण मागते. काकांची फाइल पिशवीतून बाहेर आली ती यासाठी. ८० लाखांवर ११ टक्क्यांनी नुसतं व्याजच महिन्याला सुमारे ७३ हजार होतं. फेड १५ वर्षांची घेतली तर हप्ता साधारण ९१ हजार. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, पण व्याज चढत असतं. एका वर्षाचं व्याज जरी मुद्दलात मिसळलं, तरी हप्ता लाखाच्या वर जातो. आता वरचा शिकाऊ वैमानिकाचा आकडा पुन्हा वाचा, ५० हजार. त्याला व्याजसुद्धा भागत नाही.

माझ्या भाच्याचं हेच झालं. लायसन्स आल्यावर १४ महिने नोकरी नव्हती. मग निवड झाली, ग्राउंड क्लास, सिम्युलेटर, बेस ट्रेनिंग आणि मग शिकवणाऱ्या कॅप्टनबरोबर लाइन ट्रेनिंग. लाइन रिलीज होईपर्यंत हातात स्टायपेंडच. पहिली पगाराची स्लिप घेऊन तो माझ्याकडे आला, ओट्यावर डब्याला टेकवून ठेवली आणि शेजारी मोबाइलवर हप्त्याचा मेसेज उघडून ठेवला. हप्ता स्लिपपेक्षा मोठा होता. म्हणाला, "आत्या, बाबांना इतक्यात सांगू नकोस." वर्षभर तो हप्ता माझ्या भावाने पेन्शनमधून भरला. आज भाचा व्यवस्थित कमावतो, मला त्याचा अभिमान आहे. पण तेही वर्षाला तीस लाख धरले तर नव्या करपद्धतीत पावणेपाच लाखांच्या आसपास कर जातो. हप्ता, मोठ्या शहरातलं घरभाडं आणि पीएफ वजा केल्यावर जे उरतं ते चांगलंच आहे. पण वर्षात ८० लाख फेडण्याइतकं ते नाही.

"३० हजार पायलट हवेत, म्हणजे नोकरी पक्की." ३० हजारांची गरज सरकारने सांगितली, पण पंधरा-वीस वर्षांत मिळून. दुसरीकडे २०२३ या एकाच वर्षात डीजीसीएने (लायसन्स देणारी सरकारी संस्था) १,६२२ सीपीएल दिली. आणि जागा काही दरवर्षी सारख्या निघत नाहीत. २०१२ मध्ये किंगफिशर थांबली, एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज, मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. प्रत्येक वेळी हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि २०० तासांची पोरं रांगेत मागे ढकलली गेली. कोविडमध्ये तर नोकरीत असलेल्यांचेही पगार कापले गेले. हप्त्याच्या तारखांना यातलं काही कळत नाही.

"१८ महिने" हे कागदावर होतं. २०० तास उडायला विमान, इन्स्ट्रक्टर आणि मोकळं आभाळ एकाच दिवशी मिळावं लागतं. आपल्याकडचा पावसाळा आठवा. एक पेपर राहिला की पुढच्या सत्राची वाट पाहायची. दोन वर्षं सहज जातात.

चार दिवस काम आणि फुकट विमानप्रवास यावर फार लिहीत नाही. पहाटे तीनला उठून ड्यूटीला जाणाऱ्या पोराच्या आईला विचारा.

यात मुलांचा दोष मी मुळीच मानत नाही. आपल्या अहिल्याबाई होळकर विमानतळावरून उठलेलं विमान गच्चीतून दिसतं तेव्हा मीसुद्धा अजून मान वर करून बघते. ज्याला उडायचंच आहे त्याने जरूर उडावं. पण आधी मेडिकल करावं. वैमानिकांच्या या वैद्यकीय तपासणीच्या दोन पायऱ्या, क्लास २ आणि मग क्लास १, तेही फीचा एक रुपया भरण्याआधी. डोळ्यांचं किंवा हृदयाचं काही निघालं तर तेव्हाच कळू दे, चाळीस लाख गेल्यावर नको. फी एकरकमी कुठेही भरू नये, उडालेल्या तासांप्रमाणे द्यावी. संस्थेत किती विमानं प्रत्यक्ष उडण्याजोगी आहेत आणि मागच्या बॅचला २०० तासांना किती महिने लागले, हे शिकत असलेल्या मुलांना विचारावं, काउंटरवर विचारू नये. आणि हप्ता दोन वर्षं घरातून भरता येईल का, हे कर्जाच्या अर्जावर सही करण्याआधी आईवडिलांनी एका कागदावर लिहून काढावं. नोकरी लागली की बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार, असतो, आणि २०१७ पासून फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते, तेव्हा जास्त पगार दिसला म्हणून लगेच उडी मारता येत नाही.

हा सगळा हिशेब मी काकांच्या समोर त्यांच्याच फाइलच्या पाठीवर मांडला. मुलगी शेजारी बसून आकडे स्वतः तपासत होती, व्याजाची एक चूक तिने माझीच पकडली. कागद घरी कपाटात परत गेले आहेत. क्लास २ च्या तपासणीसाठी तिला पुढच्या मंगळवारची वेळ मिळाली आहे.