‘सगळ्यात स्वस्त तोच प्रामाणिक’ या आक्षेपाबद्दल

नमस्कार. विजेचे दर ठरवणारे वीज नियामक आयोग सल्लागार कसे नेमतात, या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘गुणांकन म्हणजे मर्जीतल्या कंपनीला काम द्यायची सोय. सर्वांत कमी दर भरेल त्याला काम द्या, विषय संपला.’ एकच निविदा आली असताना काम देणं हा उघड घोटाळा, असंही तुमचं म्हणणं. संशय रास्त आहे, पण तुम्ही बोट चुकीच्या जागी ठेवलंय.

आधी काम काय ते पाहू. विद्युत कायदा 2003 च्या कलम 91 नुसार आयोगाला सल्लागार नेमता येतात. वितरण कंपनीची दरयाचिका, म्हणजे वीजदर ठरवून मागणारा अर्ज, आला की कलम 64 प्रमाणे 120 दिवसांत आदेश द्यायचा असतो. तेवढ्यात वीजखरेदी, गळती, भांडवली खर्च, थकबाकी यांचे तक्ते तपासायचे, त्रुटी काढायच्या, सुनावणीतल्या हरकतींची छाननी करायची. गळतीचा एक आकडा न तपासता पुढे गेला, तर त्याचा भुर्दंड लाखो ग्राहकांच्या बिलात येतो. सल्लागाराच्या फीमध्ये वाचवलेले पाच-दहा लाख त्यापुढे काहीच नाहीत.

म्हणूनच केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये दोन्ही वाटा आहेत. ठरीव साच्याच्या कामांना, उदाहरणार्थ लेखापरीक्षणाला, नियम 193: किमान तांत्रिक पात्रता ओलांडणाऱ्यांतला सर्वांत कमी दर. जिथे दर्जा मुख्य, तिथे नियम 192: दर्जा आणि दर यांचं एकत्र गुणांकन, आणि दराव्यतिरिक्त बाबींना 80 टक्क्यांहून जास्त वजन देता येत नाही. राज्यांचे खरेदी नियम वेगळे असले तरी गुणांकनाची रीत हीच.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. वजन 70:30, म्हणजे दर्जाला 70 टक्के आणि दराला 30. तीन निविदाकार. अ: तांत्रिक गुण 90, दर 30 लाख. ब: 80, 24 लाख. क: 72, 15 लाख. दराचे गुण काढताना सर्वांत कमी दराला 100 आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणजे ‘क’ला 100, ‘ब’ला 62.5, ‘अ’ला 50. एकूण: अ 78, ब 74.75, क 80.4. दर्जाला 70 टक्के वजन असूनही काम सर्वांत स्वस्त निविदाकारालाच मिळालं.

पण तांत्रिक पात्रतेची किमान मर्यादा 70 आहे आणि समितीने ‘क’ला 72 ऐवजी 68 दिले असं धरा. त्याचा दराचा लिफाफा उघडलाच जाणार नाही. आता ब सर्वांत स्वस्त: ब 86, अ 87. काम ‘अ’ला, 30 लाखांना. चार गुणांनी खर्च दुप्पट झाला आणि वजनाच्या टक्केवारीला कुणी हातही लावला नाही!

हे चार गुण कुठून निघतात? बहुतेक वेळा सादरीकरणातून. सादरीकरणाला 30 गुण ठेवले, की समितीच्या मनावर सगळं. अनुभवाचे गुण मोजता येतात: किती दरयाचिकांवर काम केलं, किती तज्ज्ञ, प्रत्येकाची किती वर्षं. अशा बाबींचा तक्ता निविदेतच छापलेला हवा आणि सादरीकरण 10 गुणांत आटोपायला हवं. प्रत्येक सदस्याची गुणपत्रिका दराचा लिफाफा उघडण्याआधीच सही होऊन बंद व्हायला हवी. याबाबतीत तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे.

गडबडीची दुसरी जागा म्हणजे पात्रतेच्या अटी. 20 लाखांच्या कामाला 50 कोटींची उलाढाल मागायची, किंवा ‘याच राज्यात गेल्या तीन वर्षांत केलेलं काम’ अशी अट घालायची. अशा निविदेत एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दराला काम, हा निकष लावला तरी काम ठरलेल्या घरीच जाणार. हे पकडायची वेळ म्हणजे निविदापूर्व बैठक. तिथले प्रश्न आणि उत्तरं सर्वांसाठी प्रसिद्ध व्हावी लागतात आणि अट बदलली तर शुद्धिपत्रक निघतं.

एकाच निविदेबद्दल: नियम 173 प्रमाणे केवळ संख्येवरून स्पर्धा झाली नाही असं ठरवता येत नाही. पुरेशी प्रसिद्धी झाली, अटी अकारण जाचक नव्हत्या आणि दर बाजाराशी सुसंगत आहे, तर एक निविदाही चालते. तेव्हा विचारायचं ते एवढंच: मुदत किती दिली होती? नियम 161 साधारणपणे किमान तीन आठवडे सांगतो. मुदत त्याहून कमी असेल, तर कारण लेखी मागा.

आणि एक गोष्ट तुमच्या प्रतिक्रियेत नाही, पण मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते: काम मिळाल्यानंतर काय होतं. निविदेत 20 वर्षं अनुभवाच्या तज्ज्ञाची माहिती जोडून गुण घ्यायचे आणि कामावर दोन वर्षं अनुभवाचा मुलगा पाठवायचा, हा नेहमीचा प्रकार. माणूस बदलायचा तर तोडीस तोड हवा आणि आयोगाची परवानगी हवी, नाहीतर फीमध्ये कपात, हे करारात लिहिलेलं असायला हवं. तसंच शेवटचा हप्ता एक्सेलमधलं दरगणनेचं मॉडेल सर्व सूत्रांसह हाती आल्यावरच द्यावा. नुसते आकडे चिकटवलेली फाइल घेऊन आयोगाने बिल चुकतं केलं, तर पुढच्या याचिकेला ते मॉडेल फक्त त्याच कंपनीला चालवता येतं. मग निविदा कितीही स्वच्छ काढली तरी बाकीचे निविदाकार सुरुवातीलाच मागे असतात.