खुलासा : जानकी अम्मल आणि ‘गोड ऊस’

‘भारतातला ऊस गोड नव्हता, वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. जानकी अम्मल यांनी तो गोड केला’ हा मेसेज पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. आपल्याकडे उसापासून गूळ शतकानुशतकं होत आला आहे.

तारखाही जुळत नाहीत. कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्राचा पहिला गाजलेला संकरित वाण को २०५ हा १९१८चा, तिथले संशोधक बार्बर आणि वेंकटरामन यांच्या कामातून आलेला. (आपल्याकडच्या को ८६०३२ या उसाच्या वाणातलं ‘को’ म्हणजे हेच कोइमतूर.) जानकी अम्मल तिथे १९३४ मध्ये रुजू झाल्या. शिवाय असा संकर लागवडीचा जाड ऊस आणि रानटी ऊस यांचा असतो, आणि त्यात गोडी येते ती जाड उसाकडून. रानटी ऊस काटकपणा आणि फुटवे देतो.

जानकी अम्मल यांचं खरं काम गुणसूत्रांवरचं, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांवरचं. जाड उसात ती ८०, रानटी उसात ४० ते १२८, त्यामुळे संकराची संतती एकसारखी निघत नाही. हा गुंता त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, उसाचा मक्याशीही संकर केला. मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ची, ब्रिटिश शास्त्रज्ञ डार्लिंग्टन यांच्यासोबतचा लागवडीच्या वनस्पतींचा गुणसूत्रकोश १९४५चा, पद्मश्री १९७७ची.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्या ग्रुपवर टाकला असेल तिथे हा खुलासा टाका.