‘आग लागली तरी गॅस सुटलाच नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. पतसंस्थेच्या सर्व्हर रूमचं काम आमचं. श्रावणात शेजारच्या रेकॉर्ड रूमला रात्री आग लागली, तेव्हा ‘एवढी महागडी सिस्टिम नुसती भिंतीला उभी राहिली, गॅस सुटलाच नाही, वर दोन दिवस सर्व्हर बंद ठेवायला लावला आणि काउंटरवर सभासदांची बोलणी आम्ही खाल्ली’ असं तुम्ही लिहिलंय. भोकं बुजवायचे वेगळे पैसे घेतले, गॅस सोडून न दाखवता पंखा लावून टेस्ट उरकली, आणि आधीचा चांगला लाल सिलिंडर काढायला लावला, या तुमच्या बाकीच्या तक्रारी. तुम्ही चारचौघांत विचारलंत, मीही चारचौघांतच सांगतो. चोपडा, पाचोरा, शिरपूर, शहादा, सगळीकडे पतसंस्था आणि दवाखान्यांत अशा खोल्या झाल्यात, त्यांनाही हे उपयोगी पडेल.

आधी गॅसचं. तो खोलीच्या आत लागलेल्या आगीसाठी असतो. तुमची खोली १० बाय १२ फूट, उंची १० फूट. एवढ्या जागेला साधारण २० किलो एचएफसी-२२७ईए, म्हणजे आग विझवणारा गॅस, लागतो. तो १० सेकंदांच्या आत खोलीभर पसरतो आणि हवेत त्याचं प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास जातं. ते निदान १० मिनिटं टिकावं लागतं, नाहीतर विझलेली आग पुन्हा धरते. सिलिंडर एकदाच रिकामा होतो, म्हणूनच पॅनेल, म्हणजे सिस्टिम चालवणारी पेटी, एका डिटेक्टरच्या सांगण्यावरून गॅस सोडत नाही. दोन वेगवेगळ्या झोनमधल्या डिटेक्टरनी धूर पकडला तरच सोडतो. त्या रात्री एकानेच पकडला. पॅनेलने हूटर वाजवला, एसी बंद केला, हवेच्या डक्टची झडप (डॅम्पर) पाडली, आणि थांबलं. तसंच व्हायला हवं होतं. खोलीत ज्वाळा नसताना गॅस सुटला असता तर बाहेरून येणारा धूर काही अडला नसता. आणि तासाभराने आग भिंत ओलांडून आत आली असती, तर तिला विझवायला सिलिंडरमध्ये काही उरलं नसतं.

पण तुमच्या सर्व्हरला त्या रात्री खरा धोका ज्वाळेचा नव्हताच, धुराचा होता. घरात मिरचीची फोडणी दिली की ओट्यावर बसलेला माणूस खोकतो, तसा धूर फट मिळेल तिथून जातो. रेकॉर्ड रूममध्ये कागदाबरोबर प्लॅस्टिकच्या फायली होत्या, जुनी पीव्हीसी वायर होती. शुद्ध पीव्हीसीमध्ये वजनाने निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीनच असतं. ते जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्याचं आम्ल होतं. ते सर्किटवरच्या तांब्याला, कनेक्टरच्या पिनांना खातं. डोळ्याला फक्त काजळीची पातळ पुटी दिसते.

८ मे १९८८ रोजी अमेरिकेत शिकागोजवळच्या हिन्सडेल गावात टेलिफोन एक्स्चेंजला आग लागली होती. अलार्म दुसऱ्या शहरातल्या नियंत्रण कक्षात वाजला, अग्निशमन दलाला कळायला उशीर झाला. जळालेला भाग इमारतीच्या मानाने लहान होता, पण क्लोरीनयुक्त धूर सगळ्या यंत्रांवर बसला आणि सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले. आमच्या धंद्यात आम्ही नव्या मुलांना सगळ्यात आधी हीच घटना शिकवतो.

आता ते दोन दिवस. आग विझल्यावर सकाळी तुम्ही म्हणालात, दिवे लागतायत, मशीन चालू करू. मी हात जोडून नाही म्हटलं. श्रावणातली हवा, भिंतींना ओल, त्यात कार्डांवर क्लोराइडची पुटी. अशात वीज सोडली की गंज आणि शॉर्ट सर्किट दोन्हींना वाट मिळते. हवेतला ओलावा ४० टक्क्यांखाली आणला की गंज बराच मंदावतो. म्हणून आधी डीह्युमिडिफायर लावला, मग साफसफाई करणारे आले, त्यांनी प्रत्येक कार्ड काढून पुसलं, आणि मगच बटण दाबलं. ओल्या फडक्याने पुसायला निघालेल्या शिपाईदादांना मी अडवलं ते याचसाठी. तुमचं नुकसान एका नेटवर्क स्विचपुरतं राहिलं, सर्व्हर आणि सगळी खाती शाबूत आहेत. सभासदांची नाराजी तुम्हाला सोसावी लागली याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण पुन्हा अशी वेळ आली तर मी पुन्हा बंदच ठेवायला सांगेन.

तो स्विच का गेला हेही सांगतो. रॅकच्या मागे, जमिनीपासून वीतभर उंचीवर, भिंतीला एक उघडं भोक आहे. आम्ही काम सोपवलं त्या दिवशीच्या फोटोत ते नाही. नंतर नवीन फायबर घेताना कोणीतरी ड्रिल मारलं, वायर ओढली आणि भोक तसंच सोडलं. धूर तिथूनच आला आणि समोर तोच स्विच होता. बाकीच्या भोकांत आम्ही फायर सीलंट भरलं होतं. ते तापलं की फुगून फट बंद करतं. तिथून काजळीची रेघसुद्धा आत आलेली नाही, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी तुम्ही स्वतः पाहिलंत. भाऊ, ज्या कामाचे पैसे तुम्हाला टोचतायत त्याच कामाने खोली वाचवली. एकूण बिलाच्या दहाव्या हिश्श्याहूनही ते कमी होतं.

पंख्याची टेस्टही याच फटींसाठी. दारात पंखा बसवून खोलीतला दाब मोजतात, त्यावरून गॅस किती वेळ टिकेल ते निघतं. खरा गॅस सोडून बघायचा म्हणजे सिलिंडर पुन्हा भरायचा खर्च, आणि दुसरा धोका आवाजाचा. सप्टेंबर २०१६ मध्ये रुमेनियातल्या बुखारेस्टला एका बँकेच्या डेटा सेंटरमध्ये चाचणीसाठी गॅस सोडला, तर नोझलच्या प्रचंड आवाजाने हार्ड डिस्कच निकामी झाल्या होत्या.

लाल सिलिंडर वाईट नव्हता, जागा चुकीची होती. त्यात एबीसी पावडर आहे, म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. ती ओलावा धरते आणि सर्किट गंजवते. रेकॉर्ड रूमसाठी ती उत्तम, म्हणून तो तिकडे लावायला सांगितला होता. आगीच्या रात्री वॉचमनदादांनी तोच वापरला आणि बंब येईपर्यंत आग दाबून धरली. सर्व्हर रूममध्ये सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर ठेवलाय.

दोनदा उगाच वाजलेल्या अलार्मबद्दल तुमचा राग मी समजतो. समोर जिनिंग आहे, हंगामात कापसाची तूस उडते आणि डिटेक्टरच्या जाळीत बसते. जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म ‘ब’, म्हणजे आगीची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतोच, त्या तपासणीत डिटेक्टर साफ होतात. तुमच्याकडे हंगामात मधे एक जादा सफाई हवी. ती यंदापासून आम्ही बिलाविना करू.

रॅकमागचं भोक अजून उघडंच आहे. येत्या रविवारी पतसंस्था बंद असताना आमची माणसं येऊन ते भरतील आणि पंख्याची टेस्ट पुन्हा घेतील, दोन्हींचे पैसे नाहीत. फक्त तुम्ही स्वतः हजर राहा, आणि यापुढे कोणीही वायर ओढायला आला की ड्रिल लावण्याआधी आम्हाला एक फोन करा.